टार्गेटमध्ये उष्णता आणली कोणी?

तीव्र लेझरने घन टार्गेटमध्ये उष्णता कशी पसरते, हा विषय पीएचडीसाठी घेतला की पहिली अडचण येते ती तापमान मोजायची. शॉट झाला, म्हणजे लेझर एकदा डागला, की टार्गेटचा तो भागच शिल्लक राहत नाही. हाती लागतो तो फक्त बाहेर पडलेला प्रकाश किंवा क्ष-किरण, आणि त्यावरून तापमान काढायचं. पण तापमानाचा आकडा मिळाला म्हणजे काम झालं, असं नवीन मुलांना वाटतं. माझ्या मते खरा प्रश्न तिथून सुरू होतो: ही उष्णता तिथवर आणली कोणी?

लेझर स्वतः घन पदार्थात शिरतच नाही. साधारण एक मायक्रॉन तरंगलांबीचा प्रकाश दर घन सेंटिमीटरला सुमारे 10²¹ इलेक्ट्रॉन असलेल्या थरापाशीच अडतो आणि घन अॅल्युमिनियममध्ये याच्या शंभराहून जास्त पट मुक्त इलेक्ट्रॉन असतात. पुढची वाहतूक दुसऱ्यांची. जवळजवळ प्रकाशवेगाने धावणारे इलेक्ट्रॉन 10 मायक्रॉनची फॉइल, म्हणजे टार्गेट म्हणून लावलेला धातूचा पातळ पत्रा, तीसेक फेमटोसेकंदांत पार करतात. सेकंदाला 20 किलोमीटर वेगाच्या शॉकवेव्हला त्याच अंतरासाठी 500 पिकोसेकंद लागतात (एक पिकोसेकंद म्हणजे हजार फेमटोसेकंद). शिवाय क्ष-किरण आहेत आणि साधं उष्णतावहनही आहे.

स्ट्रीक कॅमेरा, म्हणजे प्रकाश क्षणाक्षणाला कसा बदलतो ते चित्रात उलगडून दाखवणारा कॅमेरा, फॉइलच्या मागच्या बाजूवर रोखला, की हा फरक डोळ्यांना दिसतो. आधी एक बारीक, लख्ख रेघ, मग काळोख, मग रुंद पट्टा. जाड फॉइल लावत गेलं की रेघ जागची हलत नाही, पट्टा मात्र उशिरा उशिरा उमटतो. रेघ वेगवान इलेक्ट्रॉनांची, पट्टा शॉकवेव्हचा. जाडी बदलून घेतलेली अशी मालिका मला एकाच सुंदर शॉटपेक्षा कितीतरी मोलाची वाटते. पहिल्या रेघेबाबत मात्र सावध राहा. तिच्यातला काही प्रकाश उष्णतेचा नसतोच. इलेक्ट्रॉनांचे पुंजके पृष्ठभाग ओलांडताना लेझरच्या वारंवारतेच्या पटीत प्रकाश टाकतात. तेवढ्या तरंगलांबी फिल्टरने अडवा, नाहीतर तापमान भलतंच जास्त निघेल.

फॉइलच्या आत तांब्याचा पातळ थर पुरला, तर त्याची 8 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची के-अल्फा रेषा, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन आदळल्यावर तांब्याचे अणू सोडतात ते ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण, इलेक्ट्रॉन कुठवर पोचले ते सांगते. तो थर किती तापला, हे तिच्या नुसत्या तेजावरून कळत नाही.

सिद्धांताची सुरुवात स्पिट्झर आणि हार्म यांच्या 1953 च्या कामापासून करा. प्लाझ्माची, म्हणजे अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे झालेल्या तप्त वायूची, उष्णतावाहकता तापमानाच्या अडीचाव्या घाताने वाढते, म्हणून उष्णतेची आघाडी उतरती न राहता भिंतीसारखी उभी होते. पण ती फार उभी झाली की हे सूत्र उष्णतेचा प्रवाह वाजवीपेक्षा जास्त दाखवतं. म्हणून सिम्युलेशनमध्ये त्याला मर्यादा घालावी लागते आणि ती किती, हे ठरवायला आपली मोजमापं कामी येतात.

आणखी एक, मुख्य पल्सच्या, म्हणजे लेझरच्या क्षणिक तीव्र झोताच्या, आधी येणारा क्षीण प्रकाश. मुख्य पल्सची तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला 10¹⁸ वॅट असेल, तर तिचा दहा लाखावा भागसुद्धा 10¹² वॅट होतो आणि मुख्य पल्स येण्याआधीच प्लाझ्मा तयार करायला तेवढा पुरतो. तेव्हा प्रत्येक शॉटसमोर लेझरची ऊर्जा, फोकस, फॉइलची जाडी आणि फिल्टर यांच्यासोबत हा आगाऊ प्रकाश किती होता, तेही त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा.