संप्रेरकांची नक्कल करणारी रसायने: घरातील संपर्क कसा कमी करावा

संप्रेरके, म्हणजेच हार्मोन, रक्तात अत्यल्प प्रमाणात असूनही वाढ, प्रजनन आणि चयापचय यांचे नियमन करतात. त्यामुळे त्यांच्याशी साधर्म्य असलेले रसायन पेशींमधील त्याच ग्राहींना (संप्रेरकांचा संदेश स्वीकारणाऱ्या रेणूंना) चिकटले, तर शरीराला चुकीचा संदेश जाऊ शकतो. बिस्फेनॉल-ए (बीपीए) हे रसायन इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखे वागते, हे १९३६ मध्येच प्रयोगांतून दिसले होते. तरीही पुढे पॉलिकार्बोनेट प्लास्टिक आणि धातूच्या डब्यांचे अस्तर यांत ते सर्रास वापरले गेले. ते बहुतांशी दिवसभरात मूत्रावाटे निघून जाते, पण रोज नव्याने शरीरात येत राहते. म्हणून खरेदीपेक्षा सवयी बदलाव्यात.

सुरुवात स्वयंपाकघरातून करावी आणि सर्वाधिक लक्षही तिथेच द्यावे. उष्णता आणि तेलकटपणा यांमुळे प्लास्टिकमधील रसायने अन्नात अधिक उतरतात. त्यामुळे गरम पदार्थ काच, स्टील किंवा चिनी मातीच्या भांड्यात काढावा, मायक्रोवेव्हमध्ये प्लास्टिक ठेवू नये आणि ओरखडे पडलेला किंवा धूसर झालेला डबा अन्नासाठी वापरणे थांबवावे. तळाशी त्रिकोणात ३ हा आकडा असल्यास ते पीव्हीसी नावाचे प्लास्टिक असते. ते मऊ करण्यासाठी थॅलेट नावाची रसायने मिसळलेली असू शकतात. ७ म्हणजे ‘इतर’, त्यात पॉलिकार्बोनेटही येते. ‘बीपीए-मुक्त’ या शब्दांवर मात्र फार विसंबू नये, कारण पर्याय म्हणून येणारे बिस्फेनॉल-एस प्रयोगशाळेत संप्रेरकांसारखाच परिणाम दाखवते.

पावतीचा गुळगुळीत कागद नखाने जोरात घासून पाहावा. काळी रेघ उमटली, तर तो थर्मल कागद आहे. त्यावरील लेपात बिस्फेनॉल असू शकते. हाताला सॅनिटायझर किंवा क्रीम लावलेले असताना अशी पावती धरल्यास ते त्वचेतून अधिक शोषले जाते. नको असलेली पावती घेऊच नये.

प्रसाधनांच्या वेष्टनावर ‘फ्रॅग्रन्स’ या एकाच शब्दाआड अनेक घटक दडलेले असू शकतात, म्हणून सुगंधविरहित उत्पादन निवडावे. घरातील धूळ ओल्या फडक्याने पुसावी, कारण थॅलेट आणि अग्निरोधक रसायने तिच्यात साचतात आणि रांगणारी मुले हात तोंडात घालतात.

गर्भावस्था आणि बाल्यावस्था यांत अधिक दक्षता हवी. गर्भवतींना दिल्या जाणाऱ्या डायइथिलस्टिल्बेस्ट्रॉल या कृत्रिम इस्ट्रोजेनचा संबंध त्यांच्या मुलींमधील दुर्मीळ कर्करोगाशी असल्याचे १९७१ मध्ये उघड झाले. ते औषध होते आणि मात्राही मोठी होती, त्यामुळे डब्यांची त्याच्याशी थेट तुलना करणे योग्य नाही. रोजच्या वस्तूंबाबतचे मानवी पुरावे मुख्यतः सहसंबंधांचे आहेत. म्हणूनच थायरॉइडची किंवा वंध्यत्वाची तक्रार असल्यास ‘डिटॉक्स’च्या नादी न लागता डॉक्टरांना दाखवावे.

जुने डबे लगेच फेकण्याचीही गरज नाही; त्यांत खिळे, बटणे, सुई-दोरा खुशाल ठेवावा.