टॉमकॅट उठत नसेल तर

टॉमकॅट, म्हणजे जावाची वेब अ‍ॅप्स चालवणारा सर्व्हर, उठत नाही म्हटलं की मी आधी कुणाचंही ऐकून घेत नाही. लॉग्ज फोल्डरमधली कॅटालिना-डॉट-आउट उघडतो. शेवटची ओळ नको, पहिलं 'सिव्हिअर' (गंभीर चूक) शोधा. खालचा पसारा बहुतेक त्याचाच असतो.

'अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज' दिसलं तर टॉमकॅटचा 8080 पोर्ट कुणीतरी अडवलाय. बहुतेकदा आपलीच जुनी, अर्धवट मेलेली जावा प्रोसेस. ती मारा, नाहीतर सर्व्हर-डॉट-एक्सएमएलमध्ये कनेक्टरचा पोर्ट बदला. एका मशीनवर दोन टॉमकॅट असतील तर शटडाउनचा 8005 सुद्धा वेगळा हवा. मी हे दरवेळी विसरतो.

मला घाम फुटला तो टॉमकॅट 9 वरून 10 वर जाताना. सर्व्हर झकास उठला, अ‍ॅप उघडलं की 404. वॉर फाइल (अ‍ॅपचं गाठोडं) तीच, पाथ तोच. डबा तसाच राहिला त्या दिवशी. कारण एवढंच, की 10 पासून पॅकेजच्या नावातलं 'जावाएक्स' जाऊन 'जकार्ता' आलं, त्यामुळे आमची जुनी सर्व्हलेट (वेब रिक्वेस्टला उत्तर देणारे जावा क्लास) त्याला ओळखूच येईनात. कोड लगेच बदलायचा नसेल तर वेबअ‍ॅप्सशेजारी 'वेबअ‍ॅप्स-जावाईई' नावाचं फोल्डर बनवा आणि वॉर त्यात टाका. टॉमकॅट स्वतः रूपांतर करून ती वेबअ‍ॅप्समध्ये ठेवतो.

मेमरी वाढवायची तर कॅटालिना-डॉट-एसएचला हात लावू नका. बिनमध्ये सेटएन्व्ह-डॉट-एसएच नवी बनवा, मेमरीची सेटिंग त्यात लिहा.