जुनी डिझेल जीप लडाखला नेताय? काळ्या धुराचं आधी बघा की

आपलं बेळगाव साधारण 750 मीटरवर, त्यामुळं चोर्ला घाट चढताना थोडा धूर मारणारी गाडी लेहला, म्हणजे 3500 मीटरला, हमखास काळा लोट सोडते, कारण तिथं हवा जवळपास 30 टक्के विरळ आणि जुना मेकॅनिकल पंप मात्र इंजिनात डिझेल तेवढंच ढकलतो, त्याला काय कळतंय वर आलोय म्हणून. मग ते डिझेल अर्धवट जळतं आणि काळा धूर होतो.

पण लगेच पंपाला पाना लावू नका हां. आधी एअर फिल्टर बदला, पंप-नोझलवाल्याकडं नोझलचं प्रेशर आणि फवारा चेक करून घ्या, टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, सेट करा. माझ्या जीपचा निम्मा धूर नुसत्या फिल्टरनं गेला, आत खानापूर रोडची लाल माती भरलेली!

एवढं करून धूर राहिला तरच फ्युएल स्क्रू, म्हणजे पंपावरचा डिझेल कमी-जास्त करायचा स्क्रू. आधी स्क्रू आणि बॉडीवर मिळून नेलपॉलिशची एक रेघ मारा, मग लॉकनट सैल करून डिझेल कमी होईल त्या बाजूला पाव फेऱ्याच्या निम्मंच फिरवा, नट आवळा, चढावर चालवून बघा. कुठली बाजू ते पंपवाल्याला इथंच विचारून ठेवा, पंपागणिक वेगळं असतंय. सील असेल तर त्याच्याकडूनच करा. ताकद थोडी कमी वाटेल, लोअर गिअरमध्ये चढवायची, काय घाई आहे. खाली आल्यावर स्क्रू परत रेघेवर.

आणि धूर पांढरा किंवा निळा असेल तर हा स्क्रू फिरवून काही उपयोग नाही, ते दुखणं वेगळं.