वालाच्या दिवसांत बांधावरचा मुक्काम

रानात राहून तिथलंच खायचं असेल तर कोकणात जानेवारीसारखा महिना नाही. भात कापून खाचरं मोकळी झालेली असतात, जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पोसलेला असतो आणि बांधाबांधाने भांबुर्डा हा उग्र वासाचा रानपाला माजलेला असतो. या दोन्हींची पोपटी होते, म्हणजे वालाच्या शेंगा पाल्यासकट मडक्यात भरून जाळात भाजायच्या. अलिबाग, पेण, रोहा या पट्ट्यात शनिवार-रविवार काढायचा तर तांदूळ, जाडं मीठ, ओवा, मसाला आणि चहा-साखर एवढंच घरून न्यावं. शेंगा, कोंबडी, अंडी, लाकूडफाटा आणि पेंढा गावात मिळतो, पण विचारून आणि पैसे मोजून. वाल कुणीतरी राबून पेरलेला असतो आणि पेंढा हा गुरांचा वर्षाचा चारा असतो.

मुक्काम मालकी जमिनीवरच करावा, तोही मालकाला आधी सांगून. राखीव वनात आग पेटवणं १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे. कर्नाळा आणि फणसाड ही अभयारण्यं आहेत, तिथे असला बेत आखूच नये.

जागा खाचरात न निवडता वरच्या अंगाला, वरकस जमिनीवर निवडावी. रात्री थंड हवा खाचरात उतरते आणि पहाटे दवाने अंथरूण भिजतं. वाळक्या फांद्यांच्या झाडाखाली किंवा नारळाखाली झोपू नये. तीन बाय चार मीटरची ताडपत्री पुरते. दोन झाडांमध्ये कमरेच्या उंचीवर दोर ताणून ती टाकावी, वाऱ्याकडची कड जमिनीला टेकवावी, दुसरी उघडी ठेवावी. सगळ्या बाजू बंद केल्या तर आत श्वासाचंच पाणी साचतं. थंडी वरून कमी आणि जमिनीतून जास्त लागते, म्हणून खाली वीतभर जाड पेंढा, त्यावर सतरंजी. पेंढा पसरण्याआधी झटकून घ्यावा. उडवीच्या, म्हणजे पेंढ्याच्या गंजीच्या, शेजारी मात्र कधीच झोपू नये, कारण तिथे उंदीर असतात आणि उंदरांमागे साप येतात. घोणस थंडीतही फिरते. मण्यार रात्री अंथरुणात शिरते आणि तिचा चावा अनेकदा कळतही नाही. म्हणून मच्छरदाणी लावून तिच्या कडा सतरंजीखाली नीट खोचाव्यात. साप चावलाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काही करू नये. हात-पाय हलू न देता १०८ ला फोन करून थेट सरकारी रुग्णालय गाठावं. प्रतिविष असलेलं जवळचं रुग्णालय कोणतं, हे निघण्याआधीच विचारून ठेवावं.

पाणी माणशी रोज चार लिटर धरावं. विहीर असेल तर उत्तम. ओढ्याचंच घ्यायचं झाल्यास काठापासून हातभर अंतरावर वाळूत झिरा खणावा, पहिलं दोन-तीन वेळचं गढूळ पाणी उपसून टाकावं, नंतरचं चौपदरी सुती कापडातून गाळून खळखळून उकळावं. नुसतं गाळलेलं पाणी पिऊ नये, ते कितीही नितळ दिसो.

आता पोपटी. सहा जणांना आठेक लिटरचं, रंग न दिलेलं मातीचं मडकं लागतं. बोटाने ठोकून बघावं. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर कुठेतरी तडा आहे. नवं मडकं दिवसभर उन्हात ठेवावं, ओल राहिली तर आगीत फुटतं. अडीच किलो वालाच्या शेंगा घ्याव्यात, दाणा भरलेल्या पण हिरव्या. पिवळ्या पडलेल्या शेंगा चिवट लागतात. सोबत आठ-दहा लहान बटाटे, सहा अंडी आणि किलोभर कोंबडीचे लहान तुकडे. कोंबडीला आलं-लसूण, तिखट, मीठ लावून केळीच्या पानात पुरचुंड्या बांधाव्यात. भांबुर्ड्याचं पान मऊ, लवदार असतं, फुलं पिवळी, आणि चुरडल्यावर कापराकडे झुकणारा उग्र वास येतो. ओळख पक्की नसेल तर गावातल्या कुणालाही दाखवून घ्यावा. पाल्याचे दोन कवळे पुरतात.

मडक्याच्या तळाशी चार बोटं पाला दाबून घालावा. त्यावर शेंगांचा थर, मूठभर जाडं मीठ आणि ओवा, मग बटाटे. मधोमध अंडी आणि पुरचुंड्या, वर पुन्हा शेंगा, मीठ, ओवा. शेवटी तोंडात पाला गच्च ठासावा. पाणी थेंबभरही घालायचं नाही. सगळं शिजतं ते पाल्याच्या आणि शेंगांच्या ओलाव्यावर, म्हणून पाला त्याच संध्याकाळी खुडलेला हवा. कोमेजलेला असला की वाफ धरत नाही आणि शेंगा करपतात. आतला माल फार दाबला तर वाफ फिरत नाही, आणि तोंडाचा पाला सैल राहिला तर मडकं उपडं करताना सगळं खाली येतं.

दोन मीटर घेरातलं गवत मातीपर्यंत खरवडून पाण्याची बादली जवळ ठेवावी. जमिनीत चार बोटं खोलगट करून मडकं त्यात उपडं बसवावं, म्हणजे तोंडाला जाळ लागत नाही. भोवती आणि वर वाळक्या काटक्या, झावळ्या, नारळाची सोडणं (वरची वाळकी सालं) आणि पेंढा रचावा. नुसता पेंढा भडकतो आणि विझतो, धग टिकते ती सोडणांची आणि लाकडाची. बिब्ब्याचं, कण्हेरीचं, कुंपणाच्या शेराचं लाकूड चुकूनही घालू नये, त्यांचा धूर डोळ्यांना आणि छातीला बाधतो. जाळ चारही बाजूंनी सारखा हवा. एकाच अंगाला राहिला तर अर्ध्या शेंगा कच्च्या निघतात. अर्धा ते पाऊण तास लागतो. मडक्यावर पाणी शिंपडावं. चर्र होऊन तत्क्षणी उडालं तर झाली पोपटी. काठीने ढोसू नये. ओल्या गोणपाटाने धरून, तोंड माणसांपासून लांब वळवून पाला काढावा, कारण आतली वाफ हात भाजते. कोंबडी हाडाजवळ गुलाबी दिसली तर पुरचुंडी पुन्हा बांधून दहा मिनिटं निखाऱ्यात ठेवावी, आणि रात्रीच संपवावी.

उरलेल्या शेंगा सोलून दाणे सकाळच्या पेजेत घालावेत: एक वाटी उकडा तांदूळ, सात वाट्या पाणी, मंद आच. फार चविष्ट होते. काटक्या रात्रीच ताडपत्रीखाली घ्याव्यात, नाहीतर दवाने ओल्या होऊन चूल पेटत नाही.

फिरताना बोरं, आवळे, चिंच खुशाल खावी. गुंजेच्या आणि चंद्रज्योतीच्या बिया मुलांना भुरळ घालतात. दोन्ही विषारी आहेत. वाळलेल्या खाजकुइलीच्या शेंगेला धक्का लागला तर अंग चोळू नये, चिकटपट्टीने केस उचलावेत.

निघताना राखेवर पाणी ओतून ती ढवळावी आणि पुन्हा ओतावं. हात ठेवून गार लागेपर्यंत जागा सोडू नये. फुटलेल्या मडक्याच्या खापऱ्या शेतात टाकू नयेत, नांगरणीला आणि पेरणीला लोक अनवाणी उतरतात.