चिनी मेन्यू वाचायला शिका, सुरुवात मांसापासून

चेंगडू किंवा शांघायच्या साध्या खानावळीत मेन्यू भिंतीवर असतो. ना फोटो, ना इंग्रजी. फोनचा कॅमेरा धरला की भाषांतर मिळतं खरं, पण ‘मायी शांग शू’ या पदार्थाचं तो ‘मुंग्या झाडावर चढल्या’ असं करून मोकळा होतो. प्रत्यक्षात त्या असतात खिमा घालून परतलेल्या पारदर्शक शेवया. म्हणून वीस-पंचवीस चिन्हं आपल्याला ओळखता आलेली बरी. त्यासाठी चिनी बोलता यायची गरज नाही.

आधी फोनमध्ये चिनी पिनयिन कीबोर्ड सुरू करा. रोमन अक्षरांत उच्चार लिहिला की तो चिन्हं सुचवतो. चीनसाठी सरलीकृत लिपी निवडा, तैवान-हाँगकाँगला जाणार असाल तर पारंपरिक. सुटा उच्चार टाकू नका. नुसतं ‘यू’ टाकलंत की सारख्या उच्चाराची ढीगभर चिन्हं समोर येतात. पूर्ण शब्द टाका: एन-आय-यू-आर-ओ-यू, म्हणजे न्यूरोउ, गोमांस. मग वाय-ए-एन-जी (यांग, बोकड-मेंढी), जे-आय (जी, कोंबडी) आणि झेड-एच-यू (जू, डुक्कर) यांना तेच आर-ओ-यू जोडा. आलेले शब्द एकाखाली एक ठेवून बघा.

चारही शब्दांत शेवटचं चिन्ह एकच आहे: रोउ, मांस. खालून उघडी चौकट, आत एकाखाली एक दोन उलट्या ‘व्ही’सारख्या खुणा, वरचीचं टोक चौकटीबाहेर आलेलं. हे एक चिन्ह पक्कं झालं की अर्धं काम झालं. मात्र आधी कोणताही प्राणी न लिहिता नुसतं रोउ असेल, तर ते बहुतेक वेळा डुकराचं मांस असतं.

शाकाहाऱ्यांनी इथे जरा थांबावं. दोउफू, म्हणजे टोफू, लिहून पाहा. दुसऱ्या चिन्हाच्या पोटात तेच रोउ दडलेलं दिसेल. घाबरू नका, टोफू सोयाबीनचाच. पण ‘मापो दोउफू’मध्ये खरोखरच खिमा असतो आणि तो नावात कुठेच दिसत नाही. ‘यूश्यांग’ वांग्यांचंही तसंच. नावात मासा आहे, पदार्थात नाही. डुकराचा खिमा मात्र बऱ्याचदा असतो. अशी फसवी नावं पाठच करावी लागतात, त्याला इलाज नाही.

आता कृती. चाओ (परतणे), झा (तळणे), काओ (भाजणे) या तिन्ही चिन्हांत डावीकडे विस्तवाची खूण आहे. झंग (वाफवणे) आणि जू (उकडणे; उच्चार डुकराजवळचा, चिन्ह वेगळं) यांत तोच विस्तव तळाशी चार ठिपके होऊन बसतो. चाओला म्येन, म्हणजे नूडल्स, जोडलं की आपल्या गाडीवरचं चाऊमीन झालंच.

नावाचं शेवटचं चिन्ह बहुधा पदार्थाचं रूप सांगतं: स (बारीक लांब काप), प्येन (चकत्या), दिंग (चौकोनी तुकडे), थांग (सूप), फान (भात). एवढ्यावर पहिलं अख्खं नाव वाचा: स्वान-ला-थूदोउ-स. आंबट, तिखट, बटाटा, काप. शाकाहाऱ्यांसाठी याहून सोयीची डिश सहसा सापडत नाही. दुसरं, फानछ्ये-चाओ-जीदान: टोमॅटो, परतलेलं, अंडं. जीदानमधली जी वरच्या कोंबडीचीच.

‘ला’च्या शेजारी ‘मा’ दिसलं तर जीभ बधिर करणारा सिचुआनी मसाला समजा. तो कोकणातल्या तिरफळाचा सख्खा चुलतभाऊ, वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानेही. तिरफळ घातलेली बांगड्याची आमटी आवडत असेल तर बिनधास्त मागवा.

शेवटचं चिन्ह सू, म्हणजे शाकाहारी. नावाच्या सुरुवातीला आलं की मामला बहुधा सुरक्षित: ‘सूजी’ ही कोंबडी नव्हे, सोयाचा पदार्थ. तरीही हिरव्या भाजीला डुकराच्या चरबीची फोडणी असू शकते. तेव्हा ‘वो छ सू’ (मी शाकाहारी आहे) आणि ‘बू याओ जूयोउ’ (डुकराची चरबी नको) ही दोन वाक्यं कीबोर्डवर आधीच लिहून ठेवा आणि ऑर्डर देताना फोन सरळ पुढे करा. कांदा-लसूणही चालत नसेल तर बौद्ध शाकाहारी उपाहारगृह शोधा. तिथे परंपरेने दोन्ही वर्ज्य असतात.