'लिमिट क्रॉस केलीस' हे गोऱ्या माणसाला कसं सांगायचं?

पहिली गोष्ट, 'लिमिट क्रॉस' हे आपलं देशी इंग्लिश आहे, तिकडे 'क्रॉस द लाइन' म्हणतात. 'यू क्रॉस्ड द लाइन' म्हणजे पायरी सोडलीस. ब्रिटिश लोक 'ओव्हरस्टेप द मार्क' पण म्हणतात, अर्थ तोच. आणि चूक आपलीच असेल तर 'सॉरी, आय ओव्हरस्टेप्ड' एवढं पुरे, लांबण लावू नका.

'आउट ऑफ ऑर्डर' आपल्याला बंद लिफ्टवरच्या कागदामुळे माहितीये, पण ब्रिटनमध्ये माणसालाही म्हणतात, 'दॅट वॉज आउट ऑफ ऑर्डर', म्हणजे हे वागणं बरं नव्हतं. अमेरिकन माणूस तिथे 'आउट ऑफ लाइन' म्हणेल.

भांडण चाललंय डेडलाइनवरून आणि समोरच्याने मध्येच तुमचा घटस्फोट काढला, तर तो 'बिलो द बेल्ट'. हे बॉक्सिंगमधलं, कमरेखाली हात घालायचा नाही हा नियम इंग्लिश बॉक्सर जॅक ब्रॉटनने 1743 मध्येच लिहून ठेवला होता. नुसता आवाज चढवला, शिव्या दिल्या तर हे वापरू नका, वार वर्मावर पाहिजे.

'ओव्हर द टॉप' त्यामानाने निरुपद्रवी. पहिल्या महायुद्धात खंदकातून वर चढून हल्ल्याला जाणं म्हणजे ओव्हर द टॉप, आता मात्र नवरदेव क्रेनवरून मांडवात उतरला की म्हणायचं. याचंच शॉर्टफॉर्म ओटीटी, त्यामुळे कोणी 'अ बिट ओटीटी' म्हणालं तर वेबसिरीज शोधत बसू नका 😄

आता 'बियॉन्ड द पेल', हे जपून. इथला पेल म्हणजे फिकट नाही, कुंपणाचा खांब, म्हणजे कुंपणाबाहेरचं, समाजात न खपणारं. डब्लिनभोवतीच्या इंग्रजांच्या ताब्यातल्या भागाला 'द पेल' म्हणायचे आणि हे तिथूनच आलं असं सगळे ठोकून देतात, पण त्याला पक्का पुरावा नाही. मी नवीन असताना एका क्लायंटला फाइल दोन दिवस उशिरा आली म्हणून मेलमध्ये 'धिस इज बियॉन्ड द पेल' लिहिलं, भारी वाटलं म्हणून, आणि दहा मिनिटांत लीडचा फोन, अरे त्यांनी नक्की केलंय काय? म्हटलं काही नाही, फाइल लेट. तर हे छळ, वंशद्वेष असल्या गोष्टींसाठी ठेवा, उशिराला 'नॉट ऑन' (हे चालणार नाही) किंवा 'अ बिट मच' (जरा अतीच झालं) बास.

'पुश द एन्व्हलप' या यादीतलं वाटतं पण नाहीये, ती स्तुती आहे. विमान किती वेगात, किती उंचीवर झेपतं त्या हद्दीला फ्लाइट एन्व्हलप म्हणतात, ती पुढे ढकलणं, पाकिटाचा काही संबंध नाही. अंगाशी येईल इतकं ताणणाऱ्याला 'डोन्ट पुश युअर लक' म्हणा.

आणि गपगुमान शिस्तीत राहणं म्हणजे 'टो द लाइन'. हा टो पायाच्या बोटाचा, स्पेलिंग टी-ओ-ई. टी-ओ-डब्ल्यू लिहिलंत तर तो बंद पडलेली गाडी ओढून नेणारा टो होतो, आणि हे इंग्रजसुद्धा सर्रास चुकतात.