दोघांचा प्रवेश बसवताना

अभिनयाच्या वर्गात नाटकातला दोघांचा प्रवेश करायचा ठरला की बहुतेक जण पहिल्याच दिवशी आपली वाक्यं पिवळ्या हायलायटरने रंगवून टाकतात. माझी पहिली सूचना अशी की तो हायलायटर पिशवीतच राहू द्या. रंगवलेलं तेवढंच डोळ्यांत भरतं आणि समोरच्याची वाक्यं आपली पाळी कधी येते हे कळण्यापुरती उरतात. पुढची सगळी तयारी मी एकाच कामासाठी सांगतो आहे: वर्गासमोर उभं राहिल्यावर समोरच्याचं बोलणं तुम्हाला खरोखर ऐकू आलं पाहिजे.

प्रवेश निवडताना चार-पाच पानांच्या पुढे जाऊ नका, सहा-सात मिनिटं भरपूर होतात. दोघांनाही एकमेकांकडून काहीतरी हवं असावं, आणि उठून निघून जाणं दोघांपैकी कुणालाच परवडू नये. एक जण रडतो आणि दुसरा समजूत घालतो, असे प्रवेश नव्यांनी टाळावेत, कारण समजूत घालणाऱ्याला करण्यासारखं फार काही उरत नाही. वर्गातल्या सादरीकरणाचं सोडा, पण तोच प्रवेश बाहेर जाहीर करायचा झाला तर नाटककाराची परवानगी लागते, हेही आधीच ध्यानात असू द्या.

उदाहरणासाठी महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ घेतो. 1985 साली विजया मेहतांच्या दिग्दर्शनाखाली ‘कलावैभव’ या नाट्यसंस्थेने ते रंगभूमीवर आणलं. त्यातले भास्कर आणि सुधीर हे दोघे भाऊ विद्यार्थ्यांना नेहमी खुणावतात. प्रवेश दोघांचा असला तरी वाचायचं मात्र अख्खं नाटक, तेही दोघांनी एकत्र बसून आणि निदान दोनदा. धरणगावच्या देशपांड्यांचा वाडा, तात्याजींचं नुकतंच झालेलं निधन, तेराव्याचा खर्च, दारात सडत पडलेला ट्रॅक्टर, हे सगळं डोक्यात नसेल तर दोन भावांचं बोलणं नुसतं पैशांवरचं भांडण होऊन बसतं. मुंबईहून वऱ्हाडातल्या गावी यायचं म्हणजे रात्रभराचा प्रवास. तसा प्रवास करून आलेला मुंबईकर सुधीर कसा बसेल? घर सांभाळणारा थोरला भाऊ भास्कर त्याच्याकडे आधी बघेल की आधी हातातलं काम संपवेल? रशियन दिग्दर्शक आणि अभिनयशिक्षक स्तानिस्लावस्की अशा तपशिलांना ‘दिलेली परिस्थिती’ म्हणत असे. ती प्रश्न करून वहीत उतरवा. मी कुठून आलो, किती वाजलेत, मिनिटभरापूर्वी काय घडलं, मला याच्याकडून काय हवंय, ते आजच का हवंय, नाही मिळालं तर माझं काय होईल.

काय हवंय ते क्रियापदात लिहा. ‘मी चिडलोय’ या वाक्यावर काहीच करता येत नाही. ‘याच्याकडून हिशेब कबूल करून घ्यायचाय’ म्हटलं की पाय आपोआप हलतात. चीड यायची असेल तर समोरच्याने ‘नाही’ म्हटल्यावर येईल, ती घरून घेऊन यायची नाही.

पाठांतर पहिल्या आठवड्यात उरका, पण चाल न लावता. घरी आरशासमोर वाक्याला एकदा चाल बसली की ती निघत नाही. सपाट, कोरड्या आवाजात, भांडी घासताना, जिना चढताना म्हणा. समोरच्याचीही वाक्यं पाठ करा आणि एक तालीम भूमिकांची अदलाबदल करून घ्या. हे मी अनुभवाने शिकलो. माझ्या पहिल्या प्रवेशात सहकलाकाराकडून एक वाक्य सुटलं, त्यात आई आजारी असल्याची बातमी होती. मी मात्र पाठ केल्याबरहुकूम विचारलं, “डॉक्टर काय म्हणाले?” वर्गात कुणी हसलं नाही, पण त्या क्षणी सगळ्यांना कळलं की मी त्याचं ऐकतच नव्हतो. आईची बातमी मीच प्रश्नातून काढून घेऊ शकलो असतो, पण ती त्याच्या वाक्यात होती हे मला ठाऊकच नव्हतं.

बसून केलेल्या वाचनात वाक्याच्या शेवटाकडे लक्ष ठेवा. मराठीत क्रियापद आणि नकार शेवटी येतात. ‘मी वाटणी मागायला आलेलो’पर्यंत आवाज छान लागतो आणि ‘नाही’ गिळलं जातं. मागच्या रांगेला नेमका उलटा अर्थ पोचतो. एकाने खोलीच्या दुसऱ्या टोकाला पाठ करून उभं राहावं आणि प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द परत म्हणावा. शब्द चुकला तर तो पोचला नाही असं समजायचं. वऱ्हाडी वळण आणायचं असेल तर त्या भागातल्या माणसाशी बोला, त्याची लय ऐका. तेवढा वेळ नसेल तर नक्कल करू नका, साधं बोला.

मग उभी तालीम. वर्गात जेवढी जागा मिळणार आहे तेवढीच खडूने आखून घ्या, आणि दार कुठे, ओसरी कुठे, हे दोघांनी मिळून ठरवा. हालचाल कारणाशिवाय नको. कपाटापर्यंत जायचं तर कपाटात काहीतरी असलं पाहिजे. वाड्यात माणसं अनवाणी वावरतात, तेव्हा तालीमही अनवाणी करा, चाल लगेच बदलते. कॉलर धरणं, ढकलणं असं काही असेल तर ते आधी बोलून ठरवा आणि निम्म्या वेगाने दहा वेळा करा. ज्याची कॉलर धरली जाते त्याच्या हातात त्या झटापटीचा ताबा असावा. ठरल्यापेक्षा जास्त काही आयत्या वेळी करायचं नाही, यावर माझी तडजोड नाही.

प्रॉपर्टी, म्हणजे प्रवेशात वापरायच्या वस्तू, थोडीच घ्या, पण खरी घ्या. रिकाम्या कपातून चहा पिणारा हात पहिल्या घोटालाच पकडला जातो, कारण त्याला वजन नसतं. कपात निदान पाणी ओता. एका मुलाने भास्करसाठी स्वतःच्या मनाने शंभर पानी वही आणि पेन्सिलीचा तुकडा आणला होता. तेराव्याच्या सामानाची यादी तो खरोखर लिहीत होता. गहू, तूरडाळ, गूळ. धाकट्याने पैशांचा विषय काढला तेव्हा तो ‘तूप’ लिहीत होता. पेन्सिल ‘तू’वर थांबली. त्याने मान वर केली नाही, पेन्सिलही उचलली नाही, आणि भावाचं वाक्य पुरं झाल्यावर सावकाश ‘प’ काढला. तालमीत हे ठरलेलं नव्हतं. वही खरी होती आणि कान उघडे होते, म्हणून ते झालं.

आदल्या रात्री मी नाट्यशास्त्रातले चार अभिनय पडताळ्यासाठी वापरतो. आंगिक: हालचाली पाठ आहेत का. वाचिक: शब्द न अडखळता येतात का. दोघांनी पाठीला पाठ लावून, भाव न घालता, एकदा भरभर म्हणून टाका. आहार्य: कपडे, वही, पाण्याचा तांब्या पिशवीत भरला का. सात्त्विकाची, म्हणजे आतून उमटणाऱ्या भावाची, मात्र तालीम त्या रात्री करू नका. झोपा.

त्या दिवशी अर्धा तास आधी या, वस्तू जागच्या जागी लावा, फोन बंद करा, हलकं खा. कोपऱ्यात एकटं बसून रडू आणायचा प्रयत्न नको. त्यापेक्षा सहकलाकारासमोर दोन मिनिटं गप्प बसा आणि आज तो कसा दिसतोय ते बघा. दमलाय का, आवाज बसलाय का? आजचा भाऊ तोच आहे. नाटकाचं नाव आणि प्रसंग एका वाक्यात सांगून जागेवर जा, मिनिटभरापूर्वीचं आठवा, मग सुरू करा.

मध्येच वाक्य आठवलं नाही तर सरांकडे किंवा बाईंकडे बघू नका, “सॉरी” म्हणू नका. समोरच्याकडे बघा आणि त्याच्याकडून काय हवंय ते मनात धरा. बहुतेक वेळा वाक्य परत येतं, नाही आलं तर त्या अर्थाचं साधं बोला. वर्ग हसला तर हसू ओसरेपर्यंत थांबा. शेवटचं वाक्य झाल्यावर लगेच ‘झालं’ म्हणून सुटू नका, दोन श्वास तिथेच राहा.

नंतर सूचना मिळतील त्या आपल्याच नव्हे, सहकलाकाराच्याही लिहून घ्या. पुष्कळदा तिथल्या तिथे सांगतात, हाच प्रवेश कुजबुजत करा, शेजारच्या खोलीत आई झोपली आहे. तेव्हा कपात पुन्हा पाणी भरा, वहीचं नवं पान उघडा आणि यादी पहिल्या ओळीपासून लिहायला घ्या.